वाढतं माप

मित्रांनो, आजवर शेकडो पोरांनी माझ्या अंगावर पाय दिला आहे आणि त्याबद्दल माझी काहीही तक्रार नाही. माझा जन्मच त्यासाठी झाला. माझी तक्रार आहे ती मोठ्या माणसांबद्दल. तुम्ही अजून लहान आहात, तुमच्यात सुधारणा होऊ शकते, म्हणून तुम्हाला सांगते. मध्ये बोलू नका, म्हणजे लवकर संपेल.

मी पायाचं माप घेण्याची एक जुनी सागवानी फळी आहे. लांबीला फूटभराहून थोडी जास्त, रुंदीला वीतभर. मागच्या टोकाला माझ्यावर एक उभी पट्टी ठोकलेली आहे. तिला टाच टेकवायची. पुढे एक सरकती पट्टी आहे. ती ओढत अंगठ्यापर्यंत आणायची. मध्ये तापलेल्या सळईने काढलेल्या खुणा आणि आकडे आहेत. पट्टी ज्या आकड्यावर थांबेल तो तुमच्या बुटाचा नंबर. यात न समजण्यासारखं काही आहे का? नाही. तरीही चांगल्या शिकल्यासवरलेल्या माणसांनी तीन वर्षं घोळ घातला.

कोल्हापुरात आकाराम सुताराच्या दुकानात १९९४ सालच्या दिवाळीनंतर मी तयार झाले. मला करून घेतलं बाळासो पाळकांनी. पाळक म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू. बाळासोंची मंडळी लहान होती आणि स्वभाव फार गोड होता. कुणाला वाईट वाटेल असा शब्द त्यांच्या तोंडून निघत नसे. तुम्ही म्हणाल, हा तर गुण झाला. थांबा जरा.

आकाराम मात्र फटकळ होता. "पायाच्या मापाला फळी? पाळकसायब, कोल्हापुरात ऱ्हाऊन पायतानासाठी फळी करून घेतायसा? लोकं हसतील की!"

"कॅनडाहून पाहुणे येणार आहेत, आकाराम. खाणीवरच्या पोरांना बूट देणार आहेत. त्यांना सगळं अगदी नेमकं लागतं."

"मग नेमकंच करतो. केसभर फरक पडला तर बोलवा मला."

एका जुन्या दाराच्या फळीतून त्याने मला कापलं, तीन वेळा मोजून एकेक खूण डागली आणि शेवटी तेल चोळलं. मी नेमकी होते. आजही आहे. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढे माझ्यावर नको ते आरोप झाले.

१९९५ च्या जानेवारीत मी जीपमधून मलकापूरच्या रस्त्याला निघाले. मलकापूरच्या अलीकडे, मुख्य रस्ता सोडून आत, एक दगडखाण होती आणि खाणीच्या कडेला पत्र्याची आणि उसाच्या पाल्याची साठ-सत्तर खोपटी. माणसं दिवसभर खडी फोडायची. तिथे पायाखाली माती म्हणून नव्हतीच, नुसत्या दगडाच्या कपच्या, काचेसारख्या धारेच्या. आणि त्या कपच्यांवरून शंभरावर पोरं अनवाणी धावत होती.

कॅनडाचे पाहुणे अकरा जण होते. त्यांचे म्होरके हॅरल्डसाहेब, पांढऱ्या केसांचे, उंच, निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. सुट्टीत दोन आठवडे स्वखर्चाने सात समुद्र ओलांडून यायचं, पोरांच्या खरजेला मलम लावायचं, गाणी शिकवायची, गोष्टी सांगायच्या आणि पायांची मापं घ्यायची, असा त्यांचा बेत. माणसं मनाने चांगली होती. मला वैताग आला तो म्हणूनच. वाईट माणसाने चूक केली तर आपण त्याच्याशी भांडतो. चांगल्या माणसाने चूक केली तर सगळे गप्प बसतात आणि चूक वाढत जाते.

माप घेण्याआधी साहेबांना प्रत्येक पोराचे पाय स्वतःच्या हातांनी धुवायचे होते. येशूने आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते, म्हणून त्यांच्यात तसं करतात. मोठ्याने लहानाची सेवा करायची. साहेब टबात कोमट पाणी घेऊन गुडघ्यांवर बसले. पहिला आला पाच वर्षांचा गुंडू. साहेबांनी त्याचा पाय हातात घेतला मात्र, त्याची आई तानाबाई किंचाळली.

"अवो सायेब, काय करतायसा? पांढऱ्या केसाचं माणूस तुमी, आन पोराचं पाय धरतायसा? पाप लागंल की पोराला!"

तिने गुंडूला मागे ओढलं आणि त्याचं डोकं साहेबांच्या पायांवर टेकवलं. साहेब गोंधळले. त्यांनी वाकून गुंडूला उठवलं आणि पुन्हा त्याचे पाय धरले. तानाबाईने पुन्हा त्याला वाकवलं. गुंडू वाकला की साहेब वाकायचे, साहेब वाकले की गुंडू. शेजारची धोंडुबाई कमरेवर हात ठेवून बघत होती. वस्तीत तिच्याइतका मोठा आवाज फक्त सुरुंगाचा.

"ह्यांचं न्हाय उरकायचं आज," ती म्हणाली. "आदी पोरानं सायबाच्या पाया पडायचं, मग सायबानं पाय धुवायचं. फिटलं की! हाय काय आन न्हाय काय."

ते दोन्ही बाजूंना पटलं आणि तोच रिवाज पुढे चालू राहिला. पण माझा विचार कुणी केला? शंभर पोरं ओल्या पायांनी माझ्यावर उभी राहिली. एकानेही पाय पुसले नाहीत. संध्याकाळपर्यंत मी भिजून चिंब झाले आणि माझी सरकती पट्टी अडकून बसली. साहेबांनी तिला मेणबत्ती घासली आणि मला उन्हात ठेवलं, एवढं मात्र खरं.

साहेबांना मराठीचे दोनच शब्दप्रयोग येत होते. एक 'आभारी आहे' आणि दुसरा 'टाच मागे'. दर पोराला 'टाच मागे!' म्हणत ते माझ्या उभ्या पट्टीला टाच टेकल्याची खात्री करून घ्यायचे. वस्तीने त्यांचं नावच 'टाचमागं सायेब' ठेवलं. नंबर वहीत लिहायचा, मग कागदावर पाय ठेवून त्याभोवती पेन्सिल फिरवायची, कागदी पाय कापायचा आणि त्यावर पोराचं नाव घालायचं. हे कागदी पाय कॅनडाला जायचे. तिकडे पुढच्या नाताळात देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, झाडावर ते टांगायचे आणि एकेका घराने एकेक पाय उतरवून घ्यायचा, तेवढ्या मापाचा बूट स्वतः दुकानात जाऊन निवडायचा, प्रेमाने बांधून द्यायचा. तो बूट साहेब जानेवारीत घेऊन येणार.

लक्षात आलं का तुमच्या? या जानेवारीत माप आणि पुढच्या जानेवारीत बूट. तुम्हाला लगेच कळलं. मग बघा.

१९९६ च्या जानेवारीत खोकी उघडली. लाल, निळे, हिरवे बूट. वस्तीने असले बूट कधी पाहिले नव्हते. आणि ते एकाही पोराला बसेनात! कुणाची टाच बाहेर, कुणाचा अंगठा दुमडलेला. साहेबांनी वही काढली, नंबर ताडून पाहिले, कपाळाला आठ्या घातल्या आणि मग माझ्याकडे पाहिलं. पोलादी पट्टी आणून त्यांनी माझी खूण न् खूण तपासली. माझा असा अपमान झाला मित्रांनो, की काय सांगू. केसभरही फरक सापडला नाही. तरी मान हलवत ते पुटपुटले, "फळी फुगली असावी."

धोंडुबाई हे सगळं बघत होती. ती पुढे आली.

"अवो पावणं, पोरगं हाय त्ये, खाणीतला दगुड न्हवं! वरीसभरात वाढतंय की! वाढतं माप घ्या म्हनावं. वाढतं!"

वाढतं माप तुम्हाला माहीत आहे. नसेल तर आपल्या शाळेच्या गणवेशाची शिवण उलटून पाहा. आत चार बोटं कापड दुमडलेलं असेल. लहान मुलाचं कापड शिवायला टाकताना आपल्याकडे कुणीही आई शिंप्याला हेच सांगते. आज सैल चालेल, उद्या बसलं पाहिजे. इतकी साधी गोष्ट.

साहेबांनी पाळकांना विचारलं, "काय म्हणतात त्या?"

पाळकांचं इंग्रजी सोपं होतं, मला कळायचं. इतक्या लांबून आलेली माणसं, इतक्या प्रेमाने आणलेले बूट, आणि आपण कसं सांगायचं, की तुमचं सगळंच चुकलं? ते हसून म्हणाले, "त्या म्हणतात, देव तुमचं काम असंच वाढतं ठेवो."

साहेबांचे डोळे भरून आले. त्यांनी धोंडुबाईपुढे हात जोडले. "आभारी आहे! आभारी आहे!"

"आं?" धोंडुबाई म्हणाली. "म्या हितं भांडतीया, आन ह्यो हात जोडतोय!"

डोक्याला हात लावावा असं मला वाटलं. पण मला हात नाहीत आणि डोकंही नाही.

तर ते बूट वाया गेले असं समजू नका. ते धाकट्यांच्या पायात गेले. क्रांती नाव लिहिलेला बूट तिच्या धाकट्या भावाच्या, गुंडूच्या पायात. वस्तीत सगळीकडे असंच. धाकटी पोरं खोपटाच्या दारात बसून रंगीत बुटांत माती भरायची, आणि रोज कपच्या तुडवत पाणी आणणारी, सरपण आणणारी, शाळेला जाणारी थोरली पोरं अनवाणीच राहिली. फोटोत मात्र सगळ्यांच्या हातात बूट होते. पायात कुणाच्या ते फोटोत कळत नाही.

बायका काही मूर्ख नव्हत्या. सांगून उपयोग नाही म्हटल्यावर त्यांनी वेगळी वाट काढली. १९९७ च्या जानेवारीत तानाबाई क्रांतीच्या कानात कुजबुजली, "क्रांते, टाच बोटभर फुडं घे. आन पाय ताण." क्रांतीने टाच पुढे घेतली. साहेबांनी पाहिलं. "टाच मागे!" त्यांनी हलक्या हाताने तिची टाच मागे ढकलली. पुढचं पोर आलं, त्याचीही टाच पुढे. त्याच्या मागचंही तसंच. साहेबांना वाटलं, पोरांना खोटं बोलायची सवय लागली. त्यांना फार दुःख झालं. मापं थांबवून त्यांनी पोरांना खरेपणावर अर्धा तास गोष्ट सांगितली. पाळकांनी ती मराठीत सांगितली! पोरं टाळ्या वाजवून पुन्हा रांगेत उभी राहिली आणि पुन्हा टाच पुढे.

तिथे माझी काय अवस्था झाली ते ऐका. मी केसभरही खोटं सांगत नव्हते. आणि माझं खरं माप वर्षभरात खोटं ठरत होतं. खोटं बोलणाऱ्या आया बरोबर होत्या, खरं बोलणारी मी चूक होते. ही गोष्ट पचवायला लाकडालासुद्धा वेळ लागतो.

आता क्रांतीबद्दल सांगते. हट्टी पोरगी. किराणा बांधून आलेल्या कागदाचा तुकडाही वाचल्याशिवाय चुलीत घालू द्यायची नाही. वस्तीजवळची शाळा चौथीपर्यंत होती. पाचवीला मलकापूर, आणि तिकडे जायचं म्हणजे खाणीच्या कपच्यांतून दीड कोस. १९९७ च्या उन्हाळ्यात पाणी आणताना तिच्या तळव्यात एक कपची घुसली. पाय सुजून भोपळा झाला. तीन आठवडे पोर अंथरुणावर. तेव्हा तिच्या बापाने सांगून टाकलं, "चौथी कर. म्होरल्या जूनला पायात बूट असंल तर जा मलकापुरास. न्हायतर बस घरात. येकदा पाय वाचला, दर येळंला वाचंल असं न्हाय." बाजारातून बूट आणण्याची त्याची ऐपत नव्हती. आणि बापाचं बोलणं कठोर असलं, तरी पोरीला पाठीवर घेऊन दवाखान्यात तोच पळाला होता.

म्हणजे क्रांतीची पाचवी आता जानेवारीत येणाऱ्या बुटावर अवलंबून होती. आणि त्या बुटाचं माप कधीचं? मागच्या जानेवारीचं. टाच मागे ढकलून घेतलेलं. माझंच.

१९९८ चा जानेवारी आला. खोकी उघडली. क्रांतीचा बूट निळा होता, जाड तळव्याचा, अगदी हवा तसा. सोबत तिचा कागदी पाय परत आला होता. कॅनडातल्या कुणा मुलीने त्यावर रंगीत फुलं काढली होती. क्रांतीने बुटात पाय घातला. टाच आत जाईना. मागे आठ वर्षांचा गुंडू हात पसरून उभाच होता.

"आक्के, दे की. तुला न्हाय बसत."

"बसलंय."

"कुटं बसलंय? टाच भाईर हाय बग."

"बसलं म्हंती न्हवं? गप!" तिने दात खाऊन पाय आत रेटला, बोटं मुडपली आणि उभी राहिली. दहा पावलं चालून दाखवली. साहेबांनी फोटो काढला. ती हसली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. साहेबांना वाटलं, आनंदाचं.

मग पुढच्या वर्षाचं माप द्यायला तिला बूट काढावा लागला. ती माझ्यावर उभी राहिली आणि मला कळलं. टाचेचं कातडं सोललं होतं. कुणी काही म्हणायच्या आत तिने आपणहून टाच मागे नेली आणि पट्टीला टेकवली. तीन वर्षांत असं करणारी ती पहिली. साहेबांनी सरकती पट्टी ओढली. ती तीनवर थांबली. त्यांनी वहीत पाहिलं. मागच्या वर्षी एक.

"पण बूट तर आत्ता बसला," साहेब म्हणाले आणि त्यांनी माझ्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडेच! "ही फळी नक्की बिघडली आहे."

क्रांती खाली उतरली. खोक्यातला फुलांचा कागदी पाय तिने माझ्यावर ठेवला, टाच पट्टीला लावून. त्यावर आपला पाय ठेवला. कागदाच्या पुढे तिच्या पाचही बोटांची टोकं बाहेर आली.

"ह्यो मागल्या सालचा पाय," ती म्हणाली. "ह्यो औंदाचा. आन बूट येणार म्होरल्या साली. तवर मी काय पायाला सांगू, वाढू नगंस म्हनून?"

साहेब कागदाकडे बघत होते. "काय म्हणते ती?" त्यांनी विचारलं.

पाळकांनी तोंड उघडलं. जुनी सवय. "ती म्हणते, देव..."

"पाळकसायब!" धोंडुबाई कडाडली. "आता जर देवाला मदी घेतलासा तर बगा! पोरगी म्हंती तसंच सांगा. शब्दाला शब्द."

पाळकांनी सांगितलं. शब्दाला शब्द.

"हे त्या कधीपासून म्हणत आहेत?" साहेबांनी विचारलं.

"पहिले बूट आले तेव्हापासून. आज तिसरी खेप."

"आणि देव तुमचं काम वाढतं ठेवो, ते?"

"ते मी म्हणत होतो, साहेब."

साहेब माझ्याशेजारी कपच्यांवरच बसले. चष्मा काढून पुसत राहिले. मी त्यांच्यावर रागावलेली होते, तरी त्या वेळी मला त्यांची दया आली. उभा जन्म गणित शिकवलेला माणूस, आणि पोर वर्षभरात वाढतं एवढी बेरीज राहून गेली होती. वहीतल्या नंबरावर त्यांचा फार विश्वास होता. शेवटी ते म्हणाले, "पुढच्या वेळी मी प्रत्येक नंबरात दोन मिळवून लिहीन."

आता पाळकांची जीभ सुटली होती. "तेही कामाचं नाही साहेब. हिची शाळा जूनला आहे. बूट इथेच घेतले पाहिजेत. मलकापुरात मिळतात."

"पण आमच्या लोकांचं काय? ते झाडावरचे पाय उतरवतात, मुलांना घेऊन दुकानात जातात. त्यांना किती वाईट वाटेल!"

"वाटेल," पाळक म्हणाले. "तुम्हाला वाईट वाटेल म्हणून मीही गप्प बसलो होतो. मी गप्प बसलो आणि ही पोरं अनवाणी चालली."

साहेबांनी वही मिटली.

दुसऱ्या दिवशी मलकापूरचा बाजार होता. पाहुण्यांची परतीच्या आधी सहल ठरली होती, ती साहेबांनी रद्द केली आणि जूनला मलकापुरास जाणारी नऊ पोरं जीपमध्ये घातली. मला काखेत मारून नेलं. बाजारात बायडाबाई नावाची एक बाई पाल टाकून कापडी बूट विकत होती. तिने मला पाहिलं आणि तिला हसू आवरलं नाही.

"ती फळी ठिवा बाजूला, पावणं. पोरीला हिकडं द्या."

तिने क्रांतीच्या पायात काळा, जाड तळव्याचा बूट घातला. पुढून अंगठ्याने दाबून पाहिलं, मागून टाचेत बोट घालून पाहिलं. "फुडं बोटभर जागा हाय. जूनला कापूस भरा, दिवाळीला काढा. वरीसभर बगाय नगं." सगळं मिळून दोन मिनिटं. नंबरही विचारला नाही.

मला रागही आला आणि लाजही वाटली. तिथे मी काखेतल्या छत्रीसारखी होते. साहेबांना मात्र राग आला नाही. प्रत्येक पोराच्या वेळी वाकून ते तिचं बोट कुठे जातं ते बघत होते. नवव्या पोराच्या वेळी त्यांनी स्वतः टाचेत बोट घातलं आणि बायडाबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली. "जमलं की सायबाला!" पाळकांनी तेही शब्दाला शब्द सांगितलं.

इथे गोष्ट गोड झाली असं समजून पळू नका. साहेबांनी कॅनडाला जाऊन खरं ते सांगितलं आणि तिथल्या काही घरांना फार लागलं. आमच्या हातचे बूट नको असतील तर आम्हीही नको, असं म्हणून ती बाजूला झाली. पुढच्या वर्षी अकराऐवजी सातच पाहुणे आले. त्या नाताळात देवळातलं झाड मोकळं राहिलं म्हणे. खरं बोलण्याची किंमत पडते, मित्रांनो. ती पडत नाही असं तुम्हाला कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. पण खोट्या गोडव्याची किंमत तीन वर्षं कोण भरत होतं, तेही विसरू नका.

१९९९ च्या जानेवारीत पाळकांनी मला सवयीने जीपमध्ये टाकलं. काम काही नव्हतं, बूट आता मलकापुरातच घ्यायचे होते. साहेब वस्तीत उतरले. पोरं गोळा झाली, पाया पडणं झालं, पाय धुणं झालं. साहेबांच्या गळ्यात कॅमेरा होता. कॅनडातली जी घरं टिकली होती त्यांनी एवढंच मागितलं होतं, की त्या निळ्या बुटाच्या मुलीचा नव्या बुटांतला एक फोटो आणा. साहेबांनी रांग दोनदा वरून खालपर्यंत पाहिली.

"क्रांती?"

तानाबाई पदर सावरत पुढे आली. "शाळंला गेलीया. आज चाचणी हाय तिची."

पाळकांनी सांगितलं. पाहुण्यांतली एक मुलगी म्हणाली, "जीप पाठवून तिला तासभर बोलावून घेऊ या का? फोटोपुरतं?"

साहेबांनी खाणीपलीकडे जाणाऱ्या वाटेकडे पाहिलं. मग गळ्यातला कॅमेरा काढला आणि पिशवीत ठेवून दिला. "नको," ते म्हणाले. "ती कामात आहे."

त्या दिवसापासून मला साहेबांबद्दल आदर वाटतो.

पुढे चार-पाच वर्षं ते येत राहिले, मग गुडघ्यांनी साथ सोडली. मी बाळासो पाळकांच्या घरी आले. तिथे मी काही दिवस खिडकीला टेकण होते, मग हलणाऱ्या टेबलाच्या पायाखाली गेले. दर पावसाळ्यात ओल लागते, सरकती पट्टी आता सरकत नाही. लोक म्हणतील, जुन्या वस्तूची किती ही हेळसांड. खरं आहे. मला पुसून कोरड्या जागी ठेवलं तर मी नाही म्हणणार नाही. पण माझी खरी विनंती वेगळी आहे.

तुम्ही उद्या मोठे व्हाल. कुणाला मदत करायला जाल, जरूर जा. पण जाताना आपलं माप घेऊन जाऊ नका. त्याला काय हवं आणि कधी हवं, ते आधी विचारा. कुणाचं म्हणणं दुसऱ्याला सांगायची वेळ तुमच्यावर आली, तर त्यात पदरची साखर घालू नका. आणि तुम्ही जर घेणारे असाल, आणि दिलेली वस्तू पायाला चावत असेल, तर देणाऱ्याला वाईट वाटेल म्हणून हसून उभे राहू नका. बूट काढा, त्याला पाय दाखवा. मोठी माणसं उशिरा शिकतात. पण ती शिकतात, हे मी स्वतः पाहिलं आहे.